टिनाच्या खोलीले आतून काय लावावं? थर्माकोल, बबल का रॉकवूल? आई त्याच खोलीत राहते

कपाशीवाला_हिंगणघाट:

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक होईन पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाले नीट सांगता येणार नाही म्हणून लिहितो. गाव हिंगणघाट तालुक्यात. मागच्या दोन खोल्या स्लॅबच्या अन् समोरची मोठी खोली टिनाची, 12 बाय 20 फूट, वळचणीकडं 8 फूट उंची अन् आढ्याले 11. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ती समोरच्याच खोलीत राहते कारण संडास-बाथरूम तिकडून जवळ पडते अन् पायऱ्या नाहीत.

मागच्या मे महिन्यात नवतप्यात (मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) दुपारी तीनच्या सुमारास पलंगावरून उठता उठता ती पडली. ऊन लागलं होतं. अख्खा दिवस घराच्या बाहेर पाऊल नाही टाकलं तिनं, कूलर चालू होता, तरी ऊन लागलं. आरोग्य केंद्रात सलाइन लावाव्या लागल्या, दोन दिवसांनी घरी आणलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे की पुढचा उन्हाळा लागायच्या आत या खोलीचं काहीतरी करायचं.

आता अडचण अशी की जेवढ्या दुकानात गेलो तेवढे सल्ले. एक म्हणते टिनाले खालून 2 इंची थर्माकोल चिकटवा. दुसरा म्हणते चांदीवाली बबल शीट लावा, एका दिवसाचं काम आहे. तिसरा म्हणते टिन काढून फेका अन् पफ पॅनल (दोन पत्र्यांच्या मधात फोम भरलेलं) टाका. साळा म्हणते ग्लासवूल, म्हंजे काचेच्या धाग्याची गादी. गावातले म्हणतात वरून चंदेरी रंग मार, बस झालं. बजेट 40 हजाराच्या आसपास, तेही कापूस विकल्यावर.

अजून एक, दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत याच खोलीत एका बाजूनं कापूस भरलेला राह्यते, भावाची वाट पाहात. मीटर अन् बोर्ड पण याच खोलीत. म्हणून आगीची भीती वाटते. ज्यांनी स्वतः लावून पाहिलं त्यांनी सांगावं, आईचा प्रश्न आहे.

मिस्त्री_पुलगाव:

भाऊ, थर्माकोल चिकटवू नोका. मी 22 वर्षं झाले शेड अन् टिनाचेच काम करतो, अन् पहिले मी बी लोकायच्या घरी थर्माकोल लावून दिला, म्हणून सांगतो. उन्हायात टिन 65-70 डिग्रीपर्यंत तापते, हात ठेवता येत नाई. थर्माकोल 75-80 च्या पुढं मऊ पडते, वाकडा होते, आकसते. टिनाले चिकटून असला म्हंजे दोन उन्हाये बी नीट नाई काढत, मधातून फटी पडतात अन् त्या फटीतून गरमी खाली येते. त्यात मिस्त्री जर रबराचं पिवळं सोल्यूशन वापरन तं ते सोल्यूशनच थर्माकोलले खाते, भोकं पडतात, हे मी माह्या डोयानं पाह्यलं. अन् उंदरायले तं तो लय आवडते, कुरतडून घर करतात, खाली पांढरे मणी पडत राह्यतात दिवसभर.

अन् तुमच्या घरी कापूस आहे म्हंता. थर्माकोल पेटला तं वितळून जळते थेंब थेंब खाली पडतात, काया धूर निंघते. कापसाच्या ढिगावर पेटलेला एक थेंब पडला तं काय होईन सांगाची गरज नाई. आगीले दाद देणारा थर्माकोल बी येते, पण तो बी पेटत नाई असं नाई, पेट घ्याले थोडा वेळ लावते इतकंच.

चंदेरी रंगाचं म्हणाल तं तो मारण्यापेक्षा पांढरा मारा. नवं टिन चकचकीत असते तरी तापतेच नं? तसंच हाय ते.

सिव्हिलवाली_यवतमाळ:

मिस्त्रीदादांचं बरोबर आहे, त्यामागचं कारण सांगते म्हणजे पुढं दुकानदारानं काहीही सांगितलं तरी तुम्हाला स्वतःला ठरवता येईल.

चंदेरी रंग किंवा नवं टिन ऊन बऱ्यापैकी परत फेकते, पण जेवढी उष्णता आत शिरली ती बाहेर सोडायला चकचकीत पृष्ठभाग फार आळशी असतो. म्हणून तापलं की तापलेलंच राहते. पांढरा रंग ऊनही परत फेकतो आणि शिरलेली उष्णता आकाशाकडं सोडूनही देतो, दोन्ही कामं करतो. त्यामुळं छतावर चांदीपेक्षा पांढरा केव्हाही बरा. फक्त दरवर्षी धूळ बसली की धुवावं लागते, नाहीतर तिसऱ्या वर्षी तुम्हीच म्हणाल की काही फायदा नाही.

आता छत कशाला महत्त्वाचं ते बघा. चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत साधारण 20 ते 26 मे च्या दरम्यान सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. नवतपा पण त्याच आठवड्यात लागतो. त्या दिवसात उत्तर-दक्षिणेच्या भिंतींना ऊन फारसं लागतच नाही, सगळा मारा छतावर, आणि तीननंतर पश्चिमेच्या भिंतीवर. आधी छत, मग पश्चिम भिंत, आणि पैसे उरले तर बाकीचं.

तुमच्या आईंना कूलर चालू असताना ऊन कसं लागलं, मला वाटते तेही यातच आहे. कूलर हवा थंड करतो, पण 65 डिग्रीचं टिन वरून निखाऱ्यासारखी धग फेकत असते, ती हवेतून सरळ अंगावर येते, तिला कूलर अडवू शकत नाही. चुलीसमोर बसून पंखा लावला तरी तोंड भाजतेच ना, तसं. म्हणून आधी ती धग आईच्या आणि टिनाच्या मध्ये कुठंतरी अडवायला हवी.

बबल शीट नेमकी धग अडवते, आणि वरून खाली येणाऱ्या उष्णतेसाठी ती चांगली आहे. पण तिचा सगळा जीव चकाकीत आहे आणि चकाकीच्या समोर मोकळी हवा पाहिजे, कमीत कमी एक इंच. टिनाला चिकटवली तर वरची बाजू वाया गेली, खालच्या बाजूला पीव्हीसीचं सिलिंग टेकवून लावलं तर खालचीही गेली, मग उरला नुसता चार एमएमचा प्लास्टिकचा फुगा. बरेच लोक म्हणतात "बबल लावली पण फरक पडला नाही", त्यातल्या पुष्कळ घरांत ती अशीच दाबून लावलेली असते. शिवाय तीही प्लास्टिकच, कापसाच्या खोलीत मी नाही लावणार.

पफ पॅनल उष्णता अडवण्यात यातलं सगळ्यात भारी आहे, पण साध्या टिनापेक्षा पुष्कळ जास्त पैसे जातात, जुना सांगाडा चालेल की नाही तेही बघावं लागते, आणि आतला फोम पेटला तर धूर विषारी असतो. नवीन शेड बांधत असाल तर विचार करा. तुमच्याकडं टिन चांगलं आहे, ते काढून फेकायचं कारण नाही.

तुमच्या खोलीला मी रॉकवूल सांगेन. दगड वितळवून काढलेले धागे असतात, पेटत नाही. 50 एमएम जाड, 48 डेन्सिटी (एका घनमीटरला 48 किलो), एका बाजूला फॉइल लावलेलं मागा. तुमच्या 12 बाय 20 ला नुसत्या रॉकवूलचं वजन पन्नास-साठ किलो होते, म्हणजे छताला काही भार नाही. आणि अडवण्याची ताकद बघा, 50 एमएम रॉकवूल म्हणजे साधारण दोन मीटर जाडीच्या काँक्रीटइतकी आडकाठी. ग्लासवूलही जवळपास तेवढंच अडवते आणि स्वस्त पडते, पण आगीत रॉकवूल जास्त तापमान सहन करते, म्हणून कापसासाठी ते.

लावायचं असं. टिनाला चिकटवायचं नाही. टिनापासून खाली चार-सहा इंच जागा सोडून जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) फ्रेम, छताच्या उतारासोबतच तिरपी घ्या म्हणजे उंची मरणार नाही. तिच्यावर रॉकवूल, फॉइल वरच्या बाजूला, टिनाकडं. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पहाटे टिनाखाली घाम सुटतो, तो थेंब फॉइलवर पडेल, रॉकवूल ओलं होणार नाही. ओलं झालं की कोणतंही वूल कामातून जाते. खाली बोर्ड जिप्समचा किंवा सिमेंट फायबरचा. पीव्हीसीच्या पट्ट्या नका घेऊ, कितीही स्वस्त असल्या तरी. टिन गळत असेल तर आधी स्क्रू आणि वायसर बदला. आणि त्या मधल्या चार-सहा इंचातली गरम हवा बाहेर जायला आढ्याजवळ दोन्ही टोकांना जाळी ठेवा, वळचणीकडून आत यायला वाट ठेवा. ही जाळी फार लोक विसरतात.

कपाशीवाला_हिंगणघाट:

ताई, एवढं समजावून कोणी सांगितलंच नव्हतं, लय आभार. दोन शंका आहेत. एक म्हंजे वायर सगळ्या टिनाखालून गेल्या आहेत, त्या रॉकवूलच्या वरतून जाऊ देऊ का? दुसरं, वरतून इतकं बंद केल्यावर कूलर काम करन का? आमच्याकडं सगळे म्हणतात की कूलरले मोकळी हवा पाह्यजे.

सिव्हिलवाली_यवतमाळ:

वायर वर ठेवू नका. टिनाजवळ ती भाजते, आणि रॉकवूलमध्ये पुरली तर तिची स्वतःची उष्णता बाहेर जात नाही. भिंतीवरून पाइपातून फिरवा, आणि कापूस ठेवता त्या भिंतीवरून बोर्ड हलवता आला तर फार चांगलं. थर्माकोलवाल्या घरांसाठी पण सांगते, थर्माकोलला टेकलेली पीव्हीसी वायर काही वर्षांत कडक होऊन तडकते, दोघांचं रसायन एकमेकांना चालत नाही. हे फार कमी इलेक्ट्रिशियन सांगतात. ज्यांनी आधीच थर्माकोल लावला आहे त्यांनी एकदा सिलिंग उघडून बघाच.

कूलरचं म्हणाल तर त्याला खिडकी-दार मोकळं पाहिजे, छत मोकळं नव्हे. कूलर एका बाजूच्या खिडकीत, समोरच्या बाजूची खिडकी उघडी, हवा आईच्या पलंगावरून आडवी जाऊन बाहेर. फक्त जूनमध्ये ढग आले की ताटी कितीही ओली ठेवा, कूलर चिकचिक करतो, त्या दिवसात पाणी बंद करून नुसता पंखा चालवा.

तिरोड्याची_ताई:

माझा अनुभव थोडा वेगळा आहे जी. आमच्याकडं कवेलूचं घर होतं, सासऱ्यांच्या हातचं, खाली बांबू आणि वर मातीचे कवेलू, उन्हाळ्यात त्या घरात झोप लागायची. पण वांदरं काही ठेवत नव्हते, उड्या मारून मारून दरवर्षी कवेलू फोडायचे, आता फेरायला माणूस मिळत नाही आणि नवीन कवेलू पण मिळत नाहीत. शेवटी सगळ्यांसारखं आम्ही पण टिन टाकलं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात रडायची पाळी आली.

मग आम्ही एक केलं, निघालेले चांगले कवेलू फेकले नाही. टिनाच्या खाली, जुन्या बांबूवरच परत मांडून दिले, वर टिन आणि खाली कवेलू, मध्ये वीतभर पोकळी. पाऊस आणि वांदरं टिन झेलते, धग कवेलू झेलतात. पैसे फक्त बांबू बांधायचे लागले. ज्यांच्या घरी लाकडी सांगाडा मजबूत आहे त्यांना हे जमण्यासारखं आहे, पण वजन खूप येते, आधी वासे वाळवीनं खाल्लेले नाहीत ना ते ठोकून पाहा. तुमच्याकडं लोखंडी पाइप असतील तर तुम्ही करू नका, रॉकवूलच बरं.

एक कळकळीनं सांगते, काही लोक टिनावर तणस नाहीतर तुराट्या पसरवतात, थंडावा येतो खरं. पण मे महिन्यात वावधन आलं की सगळं उडते आणि एखादी ठिणगी पडली तर गल्लीच्या गल्ली जाते. कापूस असलेल्या घरावर तर मुळीच नको. सावली करायचीच असेल तर टिनाच्या वर हातभर उंच पाइपावर ग्रीन नेट बांधा, घट्ट, आणि जूनच्या आधी सोडून ठेवा.

वणी_रोडवरचा:

मधातच विचारतो, आमचे टिन नाही, सिमेंटचे पत्रे आहेत, वीसेक वर्षं जुने. त्याले पण खालून असंच करता येईल का? मिस्त्री म्हणते पत्र्यालेच भोकं पाडून हूक मारतो.

सिव्हिलवाली_यवतमाळ:

भोकं पाडू देऊ नका, ही विनंती समजा. इतक्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यात बहुतेक ॲस्बेस्टॉस असते. त्याचे धागे डोळ्याला दिसत नाहीत, श्वासातून छातीत जाऊन बसतात आणि त्यांच्यामुळं कॅन्सर होतो, कधीकधी तीस-चाळीस वर्षांनी. जोपर्यंत पत्रा आहे तसा धडधाकट आहे तोपर्यंत धोका कमी. कापला, घासला, ड्रिल मारलं की उडते. वायरच्या ब्रशनं शेवाळ घासायला पण जाऊ नका. तुमची फ्रेम भिंतीला किंवा खालच्या पाइपाला धरून उभी करा, पत्र्याला हात न लावता, आणि बाकी सगळं वर सांगितलं तसंच. पांढरा रंग मारायचा तर आधी पाणी शिंपडून भिजवा, धूळ उडू देऊ नका. आणि पत्र्यावर सरळ पाय ठेवून चढू नका, फळी टाका, जुने पत्रे अचानक फुटतात.

मिस्त्री_पुलगाव:

ताई म्हंतात ते सोळा आणे खरं हाय. आमच्या लाइनमधले दोघं जण पत्रा फुटूनच खाली पडले, एकाची कंबर गेली.

कपाशीवाला_हिंगणघाट:

मागच्या स्लॅबच्या दोन खोल्यांचं पण विचारून घेतो. दिवसा त्या टिनापेक्षा बऱ्या, पण रात्री नऊ-दहापर्यंत भिंतीतून वाफा निघाल्यासारख्या वाटतात. त्यालेही खालून रॉकवूल अन् सिलिंग करू का पुढच्या वर्षी?

सिव्हिलवाली_यवतमाळ:

स्लॅबला खालून नाही, वरून. टिन पातळ असते, सूर्य गेला की अर्ध्या तासात थंड. स्लॅब दिवसभर उष्णता पिऊन घेतो आणि चार-पाच तासांनी खाली सोडतो, म्हणून तुम्हाला रात्री त्रास. खालून सिलिंग केलं तर खोली थोडी बरी वाटेल, पण वरचा स्लॅब तसाच रोज तापत-निवत राहील आणि तडे जातील. वरून झाकला तर स्लॅबच थंड राहतो.

साधा उघडा सहा इंची स्लॅब दर चौरस मीटरला, दर डिग्रीच्या फरकाला तीनाच्या वर वॅट उष्णता आत सोडतो. घरांसाठी केंद्र सरकारनं 2018 मध्ये इको निवास संहिता ही नियमावली काढली, तिच्यात छतासाठी याच मापात मर्यादा 1.2 दिली होती. म्हणजे आपली सगळी घरं जवळपास तिप्पट उष्णता आत घेतात. एक इंच जाडीची एक्सपीएस शीट, ती रंगीत कडक फोमची येते, ती जरी वरून टाकली तरी हा आकडा एकच्या खाली येतो. आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएस, त्यावर जाळी टाकून दीड-दोन इंचाचा कोबा, पाण्याचा उतार ठेवून, आणि सगळ्यात वर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. इथं थर्माकोल नको, तो पाणी धरतो आणि पायाखाली दबतो. एक्सपीएस पाणी पीत नाही आणि वजन झेलते. वाळवण तर त्याच स्लॅबवर घालत असाल, बायका पापड-कुरडया घेऊन वर जाणार, रात्री सगळे वरच झोपणार, तर चालता येईल असंच काम पाहिजे. विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा पण लोक करतात, पण चार इंचाचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भार देतो, तुमचा स्लॅब तेवढ्यासाठी टाकला होता का ते विचारल्याशिवाय करू नका.

पैसे नसतील तर या वर्षी नुसता चुना मारा, दोन हात, डिंक नाहीतर फेविकॉल टाकून. पायाला लागतो आणि पावसात जातो, पण त्या एका उन्हाळ्यात नक्की कामाला येतो. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारता ते मात्र बंद करा. तापलेल्या काँक्रीटवर थंड पाणी पडून तडे जाऊ शकतात, आणि मे महिन्यात पाणी कुठं आहे एवढं.

घरकुलवाल्यांनाही सांगावंसं वाटते. घरकुल योजनेचे पैसे मोजकेच असतात, त्यात 25 चौरस मीटर बांधतानाच जीव जातो मला माहीत आहे, पण निदान पश्चिमेला खिडकी देऊ नका, तिकडं संडास-बाथरूम किंवा पडवी काढा, आणि वरून पांढरं करा. याला वेगळे पैसे लागत नाहीत.

कपाशीवाला_हिंगणघाट:

राम राम मंडळी, तीन महिन्यांनी लिहितो आहे. मार्चमध्ये कापूस निघाल्याबरोबर काम केलं. वर पांढरा रंग दोन हात, खाली जीआयची फ्रेम, 50 एमएम रॉकवूल अन् सिमेंट फायबरचा बोर्ड, आढ्याले दोन्ही बाजूनं जाळी. वायर पाइपातून घेतली अन् बोर्ड दाराकडच्या भिंतीवर आणला. मजुरीसकट 43 हजार झाले, बजेटच्या वर तीन गेले पण चालते. रॉकवूल कापताना मजुरांच्या हाताले अन् मानीले खाज सुटली, म्हणून दुसऱ्या दिवशी मोजे, मास्क अन् फुल बाह्यांचे शर्ट दिले. कोणी करत असाल तर पहिल्याच दिवशी द्या.

दुकानातून साधं थर्मामीटर आणून पलंगाजवळ टांगलं होतं. काम व्हायच्या आधी, मार्चच्या पहिल्या आठवड्यातच, बाहेर 37 असताना दुपारी तीनले खोलीत 39 दाखवत होतं, बाहेरपेक्षा जास्त. काल बाहेर 45 होतं अन् कूलर बंद ठेवून पाहिलं तं 39 च होतं. पण आकड्यापेक्षा डोक्यावरची धग गेली ते जास्त कळते. पहिले खोलीत गेल्याबरोबर टाळूवर कोणी परात तापवून धरल्यासारखं वाटायचं, ते नाही आता. आई काल दुपारी जेवून झोपली ते साडेचारले उठली. मागच्या वर्षी ती दुपारभर ओल्या टॉवेलानं तोंड पुसत बसायची.

पश्चिमेच्या भिंतीले बाहेरून चुना मारला अन् तुराट्याची ताटी उभी करणार होतो, पण तिरोड्याच्या ताईनं आगीचं लिहिलं म्हणून ग्रीन नेटच बांधली. स्लॅबचं दिवाळीनंतर पाहू.

एकच विचारायचं राह्यलं, मिस्त्रीदादा, आढ्याच्या जाळीतून चिमण्या आत जायला लागल्या, रॉकवूलवर काड्या आणून टाकतात. जाळी बंद करू का?

मिस्त्री_पुलगाव:

बंद नोका करू, गरम हवा अडकन. आतून अर्धा इंची वेल्डेड जाळी मारा, चिमणी जात नाई तिच्यातून अन् हवा जाते. पण पहिले टॉर्च लावून पाहा भाऊ, अंडे घातले असतीन तं पिल्लं उडून जाईपर्यंत महिनाभर थांबा, मंग मारा.